माझ्या नावाने आत आलेला

सोमवार, १३ जानेवारी १९९७

धुकं. लखनऊ छावणीतल्या घरातून गोमती नगरला, हॉस्पिटलात पोचायला पाऊण तास. दहाला लॉग-इन केलं. पडद्यावर एक ओळ येते, यापूर्वी तुम्ही शेवटचं कधी आत आला होतात त्याची. चार वर्षांत ती कधी वाचली नव्हती. आज चष्म्यावर वाफ धरली होती, पुसून घातला आणि समोर तीच ओळ होती म्हणून वाचली.

शनिवार, ११ जानेवारी, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं.

परवाचा शनिवार दुसरा शनिवार. आमचा कॉम्प्युटर विभाग बंद. तीनच्या सुमाराला मी लेकीला, केतकीला घेऊन चौक बाजारात, वन्संसाठी चिकनचे कुर्ते बघत होते. दुकानदार म्हणत होता, हाथ का काम है बहनजी, मशीन का नहीं.

त्रिपाठीला बोलावून दाखवलं. माझ्या हाताखाली तीन वर्षं आहे, हुशार आहे. हसला. "मैडम, सर्वर की घड़ी बहक गई होगी. ठंड में आदमी बहक जाता है."

असेल. तरी पासवर्ड बदलला. नवा इथेसुद्धा लिहीत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. विभागात तिळगूळ वाटला. रक्तपेढीत नक़वीसाहेबांचा रोजा, त्यांनी दोन लाडू कागदात बांधून इफ्तारसाठी ठेवले. गेल्या वर्षी भांडले होते मी त्यांच्याशी. रक्तपेढीची सगळी रजिस्टरं बंद करा, आता सगळं नेटवर्कवर, असं लेखी पत्र दिलं होतं. तेव्हापासून बोलणं अदबीचं, पण मोजकं.

सर्व्हरचं घड्याळ रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. एका मिनिटाचाही फरक नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

लॉगची फाईल उघडली. कोण, कधी, कुठल्या टर्मिनलवरून आत आलं हे सगळं तीत उमटतं. शुक्रवार आहे. रविवार आहे. शनिवार नाही. म्हणजे फक्त माझी नोंद नाही असं नव्हे, अख्खा शनिवारच नाही. हॉस्पिटल काय शनिवारी झोपतं? वॉर्ड, लॅब, रक्तपेढी, पंधरा टर्मिनल चालू असतात.

कुणीतरी शनिवार कापून नेला आहे. सफाईनं. फक्त माझ्या त्या एका ओळीची शिवण उसवायची राहिली.

कुणाला सांगू? त्रिपाठीला नाही सांगितलं. का नाही सांगितलं तेही कळत नाही.

सोमवार, २० जानेवारी

दुपारी नक़वीसाहेब स्वतः वर आले. ते जिने चढत नाहीत, गुडघे. दार लावून घेतलं. हातात एक चिठ्ठी.

सहा नंबर वॉर्डातली बाई, दुसऱ्या ऑपरेशनसाठी परत आलेली. पडद्यावर रक्तगट बी. त्यांनी नमुना घेऊन जुळणी केली, जुळेना. परत तपासलं. बाई ओ गटाची.

"मैडम, ओ वाले को बी चढ़ा दें तो क्या होता है, जानती हैं?"

जाणते. मिरजेला वडील रक्तपेढीतच होते.

"क्रॉस-मैच किया, इसलिए बच गई. इमर्जेंसी होती तो मैं भी आपके पर्दे पर भरोसा करता. हुक्म है."

तो हुक्म माझा. जुना पेशंट तातडीनं आला तर पडद्यावरचा गट बघून पिशवी द्यायची, जुळणी मागाहून. दहा-पंधरा मिनिटं वाचतात. मसुदा मी लिहिला, सही अधीक्षक सक्सेना सरांची.

ते गेल्यावर त्या बाईच्या नोंदीचा इतिहास काढला. शेवटचा बदल ११ जानेवारी, ३ वाजून १९ मिनिटं. बदल करणाराचं नाव: माझं.

 

मंगळवार, २१ जानेवारी

आज सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक दिवस घेतला. ही नोंद स्वतःसाठी: भीतीपोटी घेतला, तपासासाठी नव्हे.

नक़वीसाहेबांना विचारलं, किती नोंदी बिघडल्यात हे ताडायला काही आहे का? उठले. मग कपाटातून, स्वेटरच्या मागून, लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर काढलं. मी बंद करवलेलं. ते रोज लिहीतच होते. घरी जायच्या आधी, उर्दूत.

"हुक्म-उदूली की है. लिख लीजिए ऊपर."

हुकूम मोडलाय, वर कळवा, असं म्हणणं. ते वाचत गेले, मी पडद्यावर बघत गेले. संध्याकाळपर्यंत सात नोंदी सापडल्या. सातही त्याच दुपारच्या, सात मिनिटांच्या आत. कोणी अंदाधुंद काही केलेलं नाही. सातही पेशंट असे की पुन्हा यायचेच: थॅलसेमियाची दोन मुलं, बाकी सगळ्यांची ऑपरेशनं ठरलेली.

सातही नोंदी हातानं दुरुस्त केल्या. पण ज्याला त्या बदलता आल्या त्याला परतही बदलता येतील.

बुधवार, २२ जानेवारी

सक्सेना सरांच्या खोलीत मी आणि त्रिपाठी. सगळं सांगितलं, शनिवार, सात नोंदी, लाल रजिस्टर, माझं नाव. म्हटलं, सर, आधी तातडीचा नियम मागे घेऊ. पडद्यावरून रक्त द्यायचं आजपासून बंद.

सर म्हणाले, "कौन है?"

मी म्हटलं, माहीत नाही. पण नियम...

"सात तारीख को सचिव साहब आ रहे हैं सिस्टम देखने. उससे पहले मैं लिखकर दूँ कि सिस्टम पर भरोसा मत करो? नाम लाइए."

त्रिपाठी हळूच म्हणाला, "सर, सही ग्रुप सिर्फ़ एक आदमी के पास था. बंद रजिस्टर में. और कम्प्यूटर का विरोध भी शुरू से..." नाव घेतलं नाही. गरज नव्हती.

सर खिडकीकडे बघत म्हणाले, "ये लोग..." आणि थांबले. वाक्य तिथेच सोडलं.

मी तिथे बसले होते. मला म्हणता आलं असतं की नक़वीसाहेबांनीच तर चूक पकडली. ज्याला माणूस मारायचा तो जुळणी कशाला करील? हे सगळं आता, घरी, वहीत सुचतंय. तेव्हा नाव माझं पुढे होतं आणि दुसरं कुठलंतरी नाव निघालं म्हणून मला श्वास घेता आला. खरं ते हे.

शुक्रवार, २४ जानेवारी

नक़वीसाहेबांची औषध भांडारात बदली. "तात्पुरती." रजिस्टर सरांच्या कपाटात.

जिन्याखाली भेटले. स्वेटर, मफलर, हातात डबा नाही, रोजा.

"मैडम, आपने साहब से कुछ कहा?"

घाईघाईनं म्हटलं, नाही हो, शपथ घेऊन सांगते, तुमच्याविरुद्ध मी एक शब्द बोलले नाही.

"वो तो मालूम है," म्हणाले. "मैं पूछ रहा था कि हक़ में कुछ कहा?"

रविवार, २६ जानेवारी

नवऱ्याचा, अनिलचा फोन, पुढच्या ठाण्यावरून. लाईन तीनदा तुटली. त्याला नावं न घेता सांगितलं. सैन्याच्या सिग्नलमधला माणूस, त्याला अर्ध्यातच कळतं.

"आमच्याकडे तार तुटली तर आधी कोणी तोडली हे नाही विचारत," म्हणाला. "आधी विचारतात, निरोप आता कसा जाणार? तुमचा निरोप काय आहे?"

म्हटलं, रक्तगट.

"मग तो तारेशिवाय जायला हवा. चोर सापडेपर्यंत कोणी मरता कामा नये. आणि मीनल, जुना पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक होता?"

कोणालाच नाही, म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं. जुना पासवर्ड म्हणजे केतकीचं घरातलं नाव. ते उच्चारून मी तिला रोज हाक मारते.

सोमवार, २७ जानेवारी

केतकी शाळेतून आली. तेरा वर्षांची आहे, सुट्टीत ऑफिसात येऊन बसते, कॉम्प्युटरवर पत्ते खेळते. विचारायचं नव्हतं. विचारलं. माझ्या नावानं कधी आत गेलीस का ग?

ताट सरकवलं. "मम्मी, आप मुझ पर शक कर रही हो?"

मराठीत म्हटलं, विचारते आहे फक्त.

"पूछना और शक करना सेम होता है." खोलीत गेली. थोड्या वेळानं दारातून: "त्रिपाठी अंकल ने पूछा था दिवाली में, बेटा तुम्हें घर में क्या बुलाते हैं. मैंने बता दिया. इसमें क्या ग़लत है?"

काही चूक नाही. कोणीही विचारतं मुलांना. दिवाळीला घरी आला होता फराळाला, तेव्हा असेल. करंज्या खाल्ल्या, अनिलशी क्रिकेट बोलला.

आता त्रिपाठीच्या प्रत्येक वाक्याला मी दोन बाजूंनी बघते. घड्याळ बहकलं असेल म्हणाला होता. नक़वींकडे बोट दाखवलं तेही त्यानंच.

मंगळवार, २८ जानेवारी

बाहेरून आत यायला आमच्याकडे एकच वाट आहे. मोडेम. दिल्लीच्या कंपनीनं सिस्टम बसवली, देखभालीसाठी एक टेलिफोन लाईन सर्व्हरला जोडून ठेवली. तिचे लोक तिथून फोनवरून आत येतात. त्यांच्या खात्याला सगळे अधिकार, कोणाच्याही नावानं वावरता येतं. पासवर्ड बसवल्या दिवसापासून तोच. मी पासवर्ड बदलले तरी त्यांना फरक पडत नाही. बदला म्हणून दोन पत्रं पाठवली होती, उत्तर नाही, मीही विसरले.

सरांकडे अर्ज नेला: त्या लाईनवर बाहेरून येणारे फोन कुठून येतात ते टेलिफोन एक्स्चेंजनं नोंदवावं. अधीक्षकांची सही लागते. सरांनी वाचला, खण उघडला, आत ठेवला. "देखते हैं."

सही का नाही करत? एका सहीचं काय?

शुक्रवार, ३१ जानेवारी

एक युक्ती. लॉगची फाईल पुसता येते, कागद नाही. जुना डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर सर्व्हरला जोडला, म्हणजे जी ओळ उमटेल ती त्याच क्षणी कागदावर. प्रिंटर माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, भोवती चादर कोंबून, तरी करकरतो. त्रिपाठीला सांगितलं, उंदीर.

शनिवार, १ फेब्रुवारी

अडीचपासून त्रिपाठीला समोर बसवून घेतलं. सात तारखेच्या प्रात्यक्षिकाची यादी करायची म्हणून. चहा, समोसे. एकेक पानावर दहा-दहा मिनिटं घालवली.

३ वाजून १० ला कपाट करकरलं.

त्रिपाठी माझ्यासमोर. एका हातात पेन, दुसऱ्यात समोसा. "मैडम, आपका चूहा," म्हणाला.

तो गेल्यावर कपाट उघडलं. ३.१०, मोडेमवरून, कंपनीचं खातं. ३.११, त्याच खात्यातून माझं नाव धारण केलं. रक्तपेढीची फाईल उघडली. काही बदललं नाही. फक्त वाचली, आधीच्या सात नोंदी एकामागून एक. दुरुस्त केल्यात का ते बघायला? ३.१८ ला बाहेर.

म्हणजे त्रिपाठी नाही. निदान त्याचे हात नाहीत. कंपनीचा पासवर्ड त्यालाही ठाऊक, मलाही, सरांच्या कपाटातल्या फाईलमध्येही आहे.

मोडेमवरून आलेल्यानं बाहेर जाताना पुन्हा शनिवार कापला. फाईल कोरी. कागद माझ्या पर्समध्ये.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ठरवलं. कोण, ते नंतर.

सकाळी मोडेमची वायर काढली, मोडेम कुलपात. मग कागद घेऊन लिहायला बसले आणि कुणाला न विचारता सगळ्या वॉर्डांना परिपत्रक पाठवलं: पडद्यावरचा रक्तगट ग्राह्य धरू नये. प्रत्येक वेळी ताजा नमुना, हातानं चिठ्ठी, दोघांच्या सह्या. फारच तातडी असेल तर ओ निगेटिव्ह. नेटवर्क चालू असो, बंद असो, रक्तपेढीचं काम त्याच्यावाचून चाललं पाहिजे. रजिस्टर पुन्हा सुरू.

दुसरं पत्र सक्सेना सरांना. सातही नोंदी माझ्या नावानं बदलल्या गेल्या. माझा पासवर्ड मुलीचं नाव होतं, कोणालाही सुचावं असं. कंपनीचं खातं वर्षानुवर्षं उघडं राहिलं, जबाबदारी माझी. नक़वीसाहेबांनी चूक पकडली, केली नाही. त्यांना परत रक्तपेढीत आणावं. नाही आणलं तर हे पत्र, कागदासकट, मी सचिवांच्या हातात देईन.

सर उभे राहिले. "धमकी दे रही हैं?"

"हो सर," म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नक़वीसाहेब परत रक्तपेढीत. मी समोर गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. त्यांनी नव्या रजिस्टरचं पहिलं पान पुढे केलं, "दस्तख़त." दुसरी सही लागते ना. केली. पाठ केलेलं राहून गेलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळं लिहून ठेवते.

साडेदहाला सचिव आले. सरांच्या खोलीत टर्मिनल, फुलं, फोटोग्राफर, कंपनीचे दोन जण दिल्लीहून, सचिवांचे लोक, आमचे विभागप्रमुख. वीसेक माणसं खोलीत उभी. त्रिपाठी दाखवत होता.

११ वाजून ५ मिनिटांनी वॉर्डातून फोन, स्क्रीन रिकामी. मग लॅबमधून. मग सगळीकडून. धावत सर्व्हरकडे गेले. रक्तपेढीची फाईल गेलेली. पेशंटांचीही गेलेली. बदललेली नाही, पुसलेली.

आणि त्याच अर्ध्या तासात कानपूर रोडवर धुक्यात बस उलटली. अकरा जखमी आमच्याकडे. दोघे आमचे जुने पेशंट, त्यातलं एक थॅलसेमियाचं पोर. त्या सातांतलं.

वर सरांच्या खोलीत आरडाओरडा चालू होता. खाली रक्तपेढीत कोणी ओरडत नव्हतं. नमुना, चिठ्ठी, सही, सही, पिशवी. नक़वीसाहेब रोज्याचे, ओठ सुकलेले, एकेक गट मोठ्यानं म्हणायचे आणि मी तोच परत मोठ्यानं म्हणून लिहायचे. उभ्यानं तीन तास. त्या पोराच्या आईनं विचारलं, कम्प्यूटर ख़राब है तो ख़ून कैसे मिलेगा? नक़वीसाहेब म्हणाले, "बीबी, ख़ून कम्प्यूटर में नहीं, बोतल में रखते हैं."

एक जण गेला, डोक्याच्या माराने. रक्तानं कोणी गेलं नाही.

संध्याकाळी कपाटातला कागद पाहिला. फाईली पुसण्याचा हुकूम ११.०३ ला, कंपनीच्या खात्यानं. मोडेमवरून नाही, मोडेम माझ्या कुलपात. हुकूम टर्मिनल नंबर एकवरून. सरांच्या खोलीतलं. जिथे वीस माणसं उभी होती.

सोमवार, १० फेब्रुवारी

फोटो आले. अकराच्या सुमाराचे चार. चारही फोटोंत सगळे सचिवांना हार घालताना बघताहेत. कीबोर्डकडे कोणीच बघत नाही. कीबोर्डच्या बाजूला एक कोटाची बाही, कोणाची ते दिसत नाही. फेब्रुवारीत लखनऊमध्ये प्रत्येकाच्या अंगावर कोट.

बॅकअपच्या टेपवरून माहिती परत चढवली. गुरुवारपर्यंतची सगळी आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ईद झाली. नक़वीसाहेबांनी शेवया आणल्या, स्टीलच्या डब्यात, केतकीसाठी वेगळ्या.

खाताना मनात आलं, आणि ते आलं म्हणून लिहायलाच हवं: शुक्रवारच्या घटनेनं कोणाचं म्हणणं खरं ठरलं? कागदच बरा, हे वर्षभर कोण म्हणत होतं? त्या दिवशी ते खाली होते, मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मनात आलं. शेवया गोड होत्या आणि मला माझी किळस आली.

केतकी अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिची खोली आता ती आतून लावते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चौकशी समिती. तीन बैठका. निष्कर्ष: तांत्रिक बिघाड. माझा कागद त्यांनी पाहिला, "प्रिंटर की गड़बड़ भी हो सकती है" म्हणाले. अहवालावर माझी सही हवी होती. केली, खाली एक शब्द लिहून: असहमत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

समितीच्या हुकुमानं मोडेम परत जोडला. देखभालीत खंड नको. पासवर्ड नवा, तो बंद पाकिटात सरांकडे, एक प्रत कंपनीकडे. त्रिपाठी राजीनामा देतो आहे. कुठे चाललास? "दिल्ली, मैडम. उसी कम्पनी में. आप नाराज़ तो नहीं?"

नाराज नाही म्हटलं. किती पगार वगैरे विचारलं. निघताना पाया पडला. मनापासून पडला असेल.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सरांनी एकटीला बोलावलं. खण उघडून एक कागद पुढे केला. टेलिफोन एक्स्चेंजचं उत्तर.

म्हणजे अर्ज पाठवला होता. २८ जानेवारीलाच, मी खोलीबाहेर पडल्यावर लगेच. तारीख आहे, सही आहे. महिनाभर मी काय काय धरून बसले होते त्या सहीवरून.

१ फेब्रुवारीचा फोन सदर बाजारातल्या एका दुकानातून आला. सदर म्हणजे छावणीचाच बाजार. आमच्या क्वार्टरपासून चालत सात मिनिटं.

"सर, मला का नाही सांगितलंत?" हिंदीत विचारलं.

"क्योंकि मुझे आप पर शक था."

"अब?"

सरांनी चष्मा काढला. आज पहिल्यांदा म्हातारे दिसले. "आप मेरी जगह होतीं तो क्या करतीं?"

मी काय केलं असतं ते मी बावीस जानेवारीच्या नोंदीत लिहून ठेवलंय.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुकान सापडलं. पाटी: एसटीडी, फॅक्स, टायपिंग, कम्प्यूटर कुंडली. आत एक कॉम्प्युटर, फोनच्या लाईनला जोडलेला. तासावर देतात. मालक भला माणूस, आधी माझी जन्मवेळ विचारली.

शनिवारी दुपारी कोण येतं?

"बहुत लोग आते हैं बहनजी. एक साहब फ्लॉपी लेकर आते थे, पढ़े-लिखे. तीन-चार बार."

कसे दिसायचे?

"जनवरी में? जनवरी में तो सबका मुँह मफ़लर में होता है."

उंच? बुटके? तो विचारात पडला. "आप जैसे ही बोलते थे. मतलब, अस्पताल की बातें."

एकटे?

"एक बार कोई साथ थे. बाहर गाड़ी में. उतरे नहीं."

शनिवार, १ मार्च

थंडी गेली. अडीचला सदरमध्ये जाऊन उभी राहिले, दुकानासमोरच्या चादरीवाल्याच्या ओट्यावर. मोडेम सोमवारपासून चालू आहे. यायचा असेल तर आज येईल. मफलरचे दिवस संपले, आज तोंड दिसेल.

पावणेतीनला पलीकडच्या कडुलिंबाखाली एक पांढरी अँबेसेडर दिसली. काच अर्धी खाली. आत सक्सेना सर.

मी त्यांना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं. दोघंही हललो नाही. ते कोणाची वाट पाहत होते? दुकानात येणाराची, की माझी? आणि मी?

तीन वाजले. तीन दहा. एक बाई मुलाची पत्रिका करायला आली. तीन बारा. एक जवान घरी फोन करून गेला. साडेतीनला सर उतरले, कोपऱ्यावरून दोन कुल्हड चहा घेतला, रस्ता ओलांडून आले, एक माझ्या हातात दिला. ओट्यावर रुमाल पसरून बसले.

"शक कम नहीं हुआ है, मैडम," म्हणाले. "चाय पी लीजिए."

"माझाही नाही, सर."

हसलो दोघं. बरं वाटलं, विचित्र, पण बरं. साडेचारपर्यंत बसलो. त्यांनी मुलाच्या नोकरीचं सांगितलं, मी अनिलच्या बदलीचं. डोळे दुकानाच्या दारावर.

कोणी आलं नाही.

साडेचारला मालकानं शटर अर्धं ओढलं. सर रुमाल झटकून उठले, हात वर केला. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. मी पायीच निघाले. कोणी आलं नाही याचं एक अगदी साधं कारण असू शकतं, की ज्याला यायचं होतं तो आधीपासून इथेच बसला होता. हे माझ्या मनात कोपऱ्यापर्यंत जाण्याआधीच आलं. गाडी पुढे जाताना सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्याही मनात माझ्याबद्दल तेच असावं.